रॉकेलमधलं सोडियम अणुभट्टीत कसं गेलं? वेगवान अणुभट्ट्यांची गोष्ट



सोडियम रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात, हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी पाठ केलेलं आहे. का ठेवतात? तर हवेशी आणि ओलाव्याशी त्याची लगेच अभिक्रिया होते आणि पाण्यात पडलं तर ते पेट घेतं. एक मार्काचा प्रश्न, एका ओळीचं उत्तर, विषय संपला.

आता मुलांना असं सांगून बघा. याच सोडियमचे हजाराहून जास्त टन वितळवून मोठमोठ्या पाइपांतून फिरवतात, त्याने अणुभट्टी थंड ठेवतात, आणि त्या पाइपांच्या शेवटी पोलादाच्या एका पातळ भिंतीपलीकडे चक्क पाणी असतं. मुलं म्हणतील, काहीतरीच! मोठ्यांनाही ते पटत नाही. पण तमिळनाडूत कल्पक्कमला समुद्रकिनारी नेमकी अशी भट्टी उभी आहे. तिच्याबद्दलची बातमी आली की शाळेच्या आणि पालकांच्या ग्रुपवर दोनच प्रकारचे मेसेज फिरतात. एक, "भारताकडे आता कधीच न संपणारं इंधन". दुसरा, "समुद्रकाठी बॉम्ब ठेवलाय". मुलं दोन्ही वाचतात आणि वर्गात येऊन आपल्यालाच विचारतात. म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहीत आहे.

माझं म्हणणं आधीच सांगते. या भट्टीतलं अणुविज्ञान १९५३ सालीच खरं ठरलं होतं. त्यानंतरची सत्तर वर्षं गेली ती नळ्या, जोड, झडपा आणि गळती यांच्यात. शाळेच्या भाषेत, लेखी परीक्षेत पहिला नंबर आणि प्रात्यक्षिकात दर वर्षी अडचण.

वेगवान म्हणजे नेमकं काय वेगवान?

नावातला "फास्ट" हा शब्द घोटाळा करतो. वीज लवकर तयार होते असा त्याचा अर्थ नाही. वेगवान असतात ते न्यूट्रॉन.

युरेनियमचं केंद्रक फुटलं की उष्णता बाहेर पडते आणि सोबत दोन-तीन न्यूट्रॉन उडतात. हे न्यूट्रॉन पुढच्या केंद्रकांवर आदळतात, ती फुटतात आणि साखळी चालू राहते. जन्मतःच या न्यूट्रॉनचा वेग सेकंदाला सुमारे २०,००० किलोमीटर इतका प्रचंड असतो. नेहमीच्या अणुभट्टीत, म्हणजे आपल्या तारापूरच्यासुद्धा, हा वेग मुद्दाम कमी करून सेकंदाला दोन-अडीच किलोमीटरच्या आसपास आणतात. कारण मंद न्यूट्रॉन युरेनियम-२३५ ला सहज फोडतो. वेग कमी करायचं काम साधं पाणी, जड पाणी किंवा ग्रॅफाइट करतं.

पण इथे एक अडचण आहे. खाणीतून काढलेल्या युरेनियमच्या हजार अणूंपैकी जेमतेम सात अणू २३५ जातीचे असतात. बाकीचे ९९३ असतात युरेनियम-२३८. ते मंद न्यूट्रॉनने फुटत नाहीत. मात्र २३८ ने न्यूट्रॉन गिळला, तर काही दिवसांत त्याचं प्लुटोनियम-२३९ होतं, आणि प्लुटोनियम उत्तम फुटतं. म्हणजे ९९३ दाणे निरुपयोगी नाहीत, त्यांच्यावर आधी प्रक्रिया करावी लागते.

हे समजवायला मी विरजणाचं उदाहरण देते. वाटीभर दूध आहे आणि चमचाभर दही. दही दुधात घातलं की सगळ्या दुधाचं दही होतं, आणि आपण घातलं त्यापेक्षा जास्त दही हातात येतं. इथे दूध म्हणजे युरेनियम-२३८ आणि विरजण म्हणजे प्लुटोनियम. जळतं त्यापेक्षा जास्त नवं इंधन तयार करणाऱ्या भट्टीला "ब्रीडर" म्हणतात. पण दूध लागतंच. "कधीच न संपणारं इंधन" म्हणणारे नेमके दूध विसरतात.

मग नेहमीच्या भट्टीत विरजण का लागत नाही? थोडंफार लागतं, पण हिशेब पुरत नाही. साखळी चालू ठेवायला एक न्यूट्रॉन हवा, २३८ चं प्लुटोनियम करायला आणखी एक हवा, म्हणजे दोन तर झालेच. वरून काही वाटेत वाया जातात. मंद न्यूट्रॉनने प्लुटोनियम फोडलं तर हाती पडणारे न्यूट्रॉन दोनच्या जरासेच वर असतात. वेगवान न्यूट्रॉनने फोडलं तर थोडे जास्त हाती उरतात. सगळा डाव त्या "थोड्या जास्त"वर आहे. म्हणून न्यूट्रॉनचा वेग कमी होऊ द्यायचा नाही.

बाई, मग पाणीच का नाही वापरत?

हा प्रश्न चौथीच्या मुलानेही विचारला आहे, आणि प्रश्न अगदी बरोबर आहे. उत्तर गोट्यांत आहे. एक गोटी तेवढ्याच दुसऱ्या गोटीवर नेम धरून मारा. मारलेली गोटी जागीच थांबते, समोरची पळते. तीच गोटी पाट्यावर किंवा मोठ्या दगडावर मारा, ती तशीच उडून परत येते, वेग फारसा कमी होत नाही. न्यूट्रॉन आणि हायड्रोजनचं केंद्रक यांचं वजन जवळपास सारखं. पाण्यात हायड्रोजन भरपूर. पाण्यात शिरलेला न्यूट्रॉन दहा-वीस टकरांतच मंद होतो. म्हणून वेगवान भट्टीतून पाणी बाद. जड केंद्रकांचा पदार्थ हवा.

शिवाय या भट्टीचा गाभा छोटा आणि इंधन दाट. एवढ्याशा जागेत प्रचंड उष्णता निर्माण होते आणि ती झपाट्याने बाहेर काढावी लागते. उष्णता चटकन वाहून नेण्यात धातूंचा हात कोण धरणार! फक्त धातू पातळ हवा, म्हणजे पंपाने फिरवता येईल.

आता उमेदवार पाहू. पारा खोलीच्या तापमानालाच पातळ असतो, पण विषारी, आणि ३५७ अंशांना उकळतो. शिसं जड आणि ३२७ अंशांना वितळतं. शिसं आणि बिस्मथ यांचं मिश्रण १२५ अंशांच्या आसपास वितळतं, पण बिस्मथपासून भट्टीत पोलोनियम हा अत्यंत घातक किरणोत्सारी पदार्थ तयार होतो. सोडियम ९८ अंशांना वितळतं आणि थेट ८८३ अंशांना उकळतं. उष्णता वाहून नेण्याची त्याची क्षमता पाण्याच्या सुमारे शंभर पट. वजनाला पाण्यासारखंच हलकं, म्हणून पंपावर ताण नाही. पोलादाला गंजवत नाही. सर्वांत मोठा गुण म्हणजे उकळू नये म्हणून त्याला दाबाखाली ठेवावं लागत नाही. नेहमीच्या अनेक भट्ट्यांत ३०० अंशांचं पाणी उकळू नये यासाठी हवेच्या दाबाच्या दीडशे पट दाब द्यावा लागतो. अशा भट्टीचा पाइप फुटला तर पाण्याची क्षणात वाफ होते. सोडियमचा पाइप फुटला तर ते नुसतं गळतं. पण गळल्यावर पेटतं.

दुर्गुण आणखी आहेत. सोडियम अपारदर्शक आहे, म्हणजे आत काय चाललंय ते डोळ्यांनी दिसत नाही. पाण्याच्या टाकीत कॅमेरा सोडता येतो, सोडियममध्ये नाही. थंड झालं तर ते पाइपातच गोठतं, म्हणून पाइपांना बाहेरून गरम ठेवणाऱ्या तारा गुंडाळाव्या लागतात. भट्टीतून फिरताना ते स्वतः काही काळ किरणोत्सारी होतं. म्हणून भट्टीतलं सोडियम थेट पाण्याजवळ नेत नाहीत. ते आपली उष्णता दुसऱ्या, स्वच्छ सोडियमला देतं आणि हे दुसरं सोडियम पाण्याची वाफ करतं. अमुकची सासू तमुकच्या मावशीला सांगते तसा हा निरोप जातो. खर्च वाढतो, पण गळती झालीच तर किरणोत्सारी सोडियम आणि पाणी समोरासमोर येत नाहीत.

ही शेवटची जागा, जिथे नळीच्या एका बाजूला सोडियम आणि दुसऱ्या बाजूला पाणी असतं, ती लक्षात ठेवा. पुढची अर्धी गोष्ट तिथेच घडते.

चार दिवे आणि भिंतीवरचा खडू

पहिली वेगवान भट्टी अमेरिकेत लॉस अलामोसला १९४६ मध्ये सुरू झाली. नाव क्लेमेंटाइन. १८४९ साली सोनं शोधायला निघालेल्या खाणवाल्यांबद्दलच्या एका जुन्या गाण्यातली ही मुलगी, आणि प्लुटोनियमचं त्या काळचं गुप्त नाव होतं "४९". शास्त्रज्ञांचे विनोद असे असतात! इंधन प्लुटोनियम, थंड करायला पारा, ताकद फक्त २५ किलोवॉट. १९५२ मध्ये इंधनाची एक कांडी फुटली आणि भट्टी बंद केली. पाऱ्याचा नाद अमेरिकेने तिथेच सोडला.

दुसरी भट्टी खरी इतिहास घडवणारी. आयडाहो राज्यातल्या ओसाड माळावर वॉल्टर झिन यांच्या नेतृत्वाखाली ईबीआर-१ उभी राहिली. थंड करायला सोडियम आणि पोटॅशियमचं मिश्रण, जे खोलीच्या तापमानालाही पातळ राहतं. २० डिसेंबर १९५१ रोजी या भट्टीच्या उष्णतेवर तयार झालेल्या विजेने २०० वॉटचे चार दिवे पेटले. अणूपासून उपयोगी वीज मिळाली ती पहिल्यांदा इथे. म्हणजे जगातली पहिली अणुवीज पाण्याच्या भट्टीने दिलेली नाही, पातळ धातूच्या वेगवान भट्टीने दिलेली आहे. हे वाक्य पाठ्यपुस्तकात असायला हवं असं मला वाटतं. त्या दिवशी हजर असलेल्यांनी भिंतीवर खडूने आपापली नावं लिहिली. ती भिंत आजही जपून ठेवली आहे. खडूचं मोल आम्हा शिक्षकांना वेगळं सांगायला नको.

दिवे लावणं हा मूळ उद्देशच नव्हता. उद्देश होता विरजण लागतं का ते बघण्याचा. १९५३ मध्ये मोजमाप हाती आलं, लागतं! जळलं तेवढं तरी नवं इंधन तयार होत होतं. लेखी परीक्षा पास.

दोनच वर्षांनी, नोव्हेंबर १९५५ मध्ये, एका प्रयोगादरम्यान याच भट्टीचा गाभा जवळपास अर्धा वितळला. कोणाला इजा झाली नाही. कारण शोधल्यावर कळलं की तापल्यावर इंधनाच्या कांड्या आतल्या बाजूला किंचित वाकत होत्या, एकमेकींजवळ येत होत्या, आणि त्यामुळे साखळी आणखी जोर धरत होती. दोष न्यूट्रॉनच्या गणितात नव्हता, कांड्या आधाराला नीट बांधलेल्या नव्हत्या. पुढच्या गाभ्यात बांधणी बदलली आणि वाकणं थांबलं.

१९६६ चा फर्मी-१ चा अपघात तर याहून बोलका आहे. मिशिगन राज्यात, डेट्रॉइट शहराजवळ ही सोडियमवर चालणारी भट्टी होती. सुरक्षेसाठी म्हणून तिच्या तळाशी नंतर झिर्कोनियमचे पातळ पत्रे बसवले होते. त्यातला एक पत्रा सुटला, सोडियमच्या वाटेत जाऊन बसला, प्रवाह अडला आणि ५ ऑक्टोबरला इंधनाचे दोन संच काही अंशी वितळले. सोडियम अपारदर्शक, त्यामुळे तो चुरगळलेला पत्रा शोधून काढायला वर्षाहून जास्त काळ गेला. भट्टी १९७० मध्ये पुन्हा सुरू झाली आणि १९७२ मध्ये कायमची बंद. या अपघातावर पुढे पुस्तक आलं, आणि सामान्य माणसाच्या मनात या भट्ट्यांची भीती बसली ती बरीचशी त्यामुळे.

गळती कोण कशी हाताळतं

साठ आणि सत्तरच्या दशकांत सगळ्यांनाच या भट्ट्या हव्या होत्या. युरेनियम दुर्मिळ आहे, लवकर संपेल, असा तेव्हाचा समज होता. ब्रिटनने स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला डौनरे इथे पहिली भट्टी १९५९ मध्ये चालू केली, दुसरी १९७४ मध्ये. फ्रान्सने राप्सोदी, मग फिनिक्स, मग १२०० मेगावॉटची अवाढव्य सुपरफिनिक्स बांधली. सोव्हिएत संघाने कॅस्पियन समुद्रकाठी आजच्या कझाकस्तानात बीएन-३५० उभारली. ती वीजही देई आणि खाऱ्या पाण्याचं गोडं पाणीही करी.

आता ती जागा आठवा, सोडियम आणि पाणी यांच्यामधली नळीची भिंत. नळीत पाण्याचा दाब प्रचंड, बाहेर सोडियमला जवळजवळ दाब नाही. नळीला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी पाणी किंवा वाफ जोराने सोडियममध्ये घुसते. तिथे उष्णता, कॉस्टिक सोडा आणि हायड्रोजन तयार होतो, आणि ही धगधगती धार शेजारच्या नळीला खाऊ लागते. बीएन-३५० मध्ये १९७३ साली असंच होऊन मोठी आग लागली. डौनरेच्या दुसऱ्या भट्टीत फेब्रुवारी १९८७ मध्ये एक नळी फुटली आणि काही सेकंदांत आजूबाजूच्या मिळून सुमारे चाळीस नळ्या गेल्या. यातल्या कुठल्याही घटनेत अणुइंधनाचं काही बिघडलेलं नव्हतं.

रशियन लोकांनी यातून काढलेली वाट मला सर्वांत शहाणपणाची वाटते. बेलोयार्स्कची बीएन-६०० ही भट्टी १९८० पासून चालू आहे. १९९७ पर्यंत तिथे सोडियमच्या २७ गळत्या झाल्या आणि त्यांपैकी १४ वेळा सोडियम पेटलं. आकडा ऐकून धक्का बसेल. पण गळती होणारच असं गृहीत धरून त्यांनी वाफ तयार करणारं यंत्र एकच मोठं न करता अनेक सुट्या भागांत बांधलं. एक भाग गळला की तेवढाच बंद करायचा, दुरुस्त करायचा, बाकीची भट्टी चालू ठेवायची. वर्गात एक मूल आजारी पडलं म्हणून आपण शाळेला सुट्टी देत नाही, तसंच. तिच्या शेजारी २०१६ पासून बीएन-८०० व्यापारी वीज देत आहे.

रशियाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्यांनी पाणबुड्यांत शिसं-बिस्मथने थंड होणाऱ्या भट्ट्या बसवल्या. त्यांचे न्यूट्रॉन पूर्ण वेगवान नव्हते, मधल्या वेगाचे होते, पण धातू पातळ ठेवण्याची डोकेदुखी तीच. मे १९६८ मध्ये के-२७ या पाणबुडीत धातूत साचलेल्या गाळाने प्रवाह अडला, गाभ्याचा काही भाग बिघडला आणि किरणोत्साराने नऊ खलाशी दगावले. नंतरच्या अल्फा जातीच्या पाणबुड्या भन्नाट वेगाच्या होत्या, पण बंदरात उभ्या असतानाही धातू गोठू नये म्हणून त्यांना सतत उष्णता द्यावी लागे. गोठला की भट्टी कायमची निकामी.

आणि जपान. त्यांच्या भट्टीचं नाव मोंजू. मंजुश्री या बोधिसत्त्वाचं हे जपानी रूप, बुद्धीचं प्रतीक. २८० मेगावॉटची ही भट्टी ऑगस्ट १९९५ मध्ये वीज देऊ लागली आणि ८ डिसेंबरला बंद पडली. सोडियमच्या पाइपात तापमान मोजण्यासाठी एक बारीक नळकांडं खुपसलेलं होतं. प्रवाहामुळे ते थरथरत राहिलं आणि तुटलं. त्या भोकातून सहा-सातशे किलो सोडियम गळलं आणि जळलं. हे किरणोत्सारी नसलेलं दुसरं सोडियम होतं, कोणाला इजा नाही. एवढ्यावर भागलं असतं. पण चालवणाऱ्या संस्थेने गळतीच्या जागेचं चित्रीकरण काटछाट करून लोकांना दाखवलं. ते उघडकीला आलं. त्यानंतर मोंजू २०१० मध्ये पुन्हा सुरू केली, तर इंधन बदलायचं तीन टनांहून जड यंत्र आत पडलं. २०१६ मध्ये ती कायमची मोडीत काढायचं ठरलं. वीस वर्षांत ती जेमतेम काही महिने चालली. माझ्या मते मोंजू त्या नळकांड्याने बंद पडली नाही, ती त्या कापलेल्या चित्रफितीने बंद पडली. सोडियम लोकांनी एक वेळ समजून घेतलं असतं.

युरोपात दुसरंच घडलं. दरम्यान युरेनियमचे नवे साठे सापडले होते, ते स्वस्त झालं होतं, आणि महागडं विरजण लावायची घाई उरली नव्हती. सुपरफिनिक्सवर १९७७ मध्ये मोठं आंदोलन झालं, त्यात एका तरुण शिक्षकाचा मृत्यू झाला. पुढे गळत्या, दुरुस्त्या, कोर्टकचेऱ्या, एकदा तर बर्फाच्या भाराने टर्बाइनच्या इमारतीचं छप्परच कोसळलं. १९९७ मध्ये फ्रान्स सरकारने ती बंद करायचं जाहीर केलं. जर्मनीत काल्कारला तशीच भट्टी पूर्ण बांधून झाली, पण तिच्यात इंधन कधीच घातलं नाही. १९९१ मध्ये प्रकल्प रद्द झाला, जागा विकली आणि आज तिथे लहान मुलांसाठी करमणुकीचं उद्यान आहे. थंड करायच्या उंच टॉवरच्या आत गोल फिरणारा पाळणा बसवला आहे!

एक घटना मात्र या सगळ्याच्या उलट दिशेची आहे आणि ती फारशी कोणाला माहीत नाही. ३ एप्रिल १९८६ रोजी आयडाहोच्याच ईबीआर-२ भट्टीत शास्त्रज्ञांनी पूर्ण ताकदीवर असताना सोडियम फिरवणारे पंप बंद केले. भट्टी आपोआप थांबवणारी व्यवस्थाही मुद्दाम रोखून धरली. तापमान चढलं, मग गाभा तापून प्रसरण पावला, जास्त न्यूट्रॉन बाहेर निसटू लागले, साखळी ढिली पडली आणि भट्टी आपणहून विझत गेली. इंधनाला काही झालं नाही. त्याच दिवशी दुपारी उष्णता बाहेर जाण्याची वाट बंद करूनही तेच केलं, तोच निकाल. तेवीस दिवसांनी चेर्नोबिल झालं, आणि मग आयडाहोच्या या प्रयोगाची बातमी कोण वाचणार? १९९४ मध्ये अमेरिकेने ही भट्टीही बंद केली.

ट्रॉम्बे, तारापूर आणि कल्पक्कम

भारताने हे सगळं बघूनही हा रस्ता का सोडला नाही? कारण आपलं गणित युरोपपेक्षा वेगळं आहे. आपल्याकडे युरेनियम कमी आणि थोरियम भरपूर, केरळ-तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या वाळूत. पण थोरियम नुसतं जळत नाही, त्यालाही विरजण लागतं. डॉ. होमी भाभांनी म्हणून तीन टप्पे आखले. आधी नैसर्गिक युरेनियमच्या भट्ट्या, त्यांच्या जळालेल्या इंधनातून प्लुटोनियम. मग ते प्लुटोनियम वापरणाऱ्या वेगवान भट्ट्या. शेवटी थोरियम. मधली पायरी नसेल तर तिसरीवर जाता येत नाही.

या मधल्या पायरीची सुरुवात आपल्या मुंबईत झाली. मे १९७२ मध्ये ट्रॉम्बेला "पूर्णिमा" ही प्लुटोनियमवरची छोटी वेगवान भट्टी चालू झाली. तिच्यात सोडियम नव्हतं. ताकद नगण्य, फक्त न्यूट्रॉनचा अभ्यास करण्यापुरती. म्हणजे पुन्हा लेखी परीक्षा.

प्रात्यक्षिक कल्पक्कमला. फ्रान्सच्या राप्सोदीच्या नमुन्यावर तिथे प्रायोगिक भट्टी, एफबीटीआर, बांधायला घेतली. तिचं इंधन करायला समृद्ध युरेनियम फ्रान्सकडून यायचं होतं. १९७४ मध्ये पोखरणचा स्फोट झाला आणि ती वाट बंद झाली. आता काय? आपल्या शास्त्रज्ञांनी प्लुटोनियम आणि युरेनियम यांच्या कार्बाइडचं इंधन निवडलं, ज्यात ७० टक्के प्लुटोनियम. असं इंधन मुख्य इंधन म्हणून तोवर कोणत्याही देशाने वापरलेलं नव्हतं. कार्बाइडची भुकटी हवेत पेटू शकते, म्हणून ते सगळं काम निष्क्रिय वायू भरलेल्या बंद पेट्यांत, हातमोजे घालून, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात झालं. १८ ऑक्टोबर १९८५ ला एफबीटीआर चालू झाली. या इंधनाने अपेक्षेपेक्षा खूप जास्त काळ टिकाव धरला. आणि अडलं कुठे? पुन्हा यंत्रसामग्रीतच. १९८७ मध्ये इंधन हलवताना एक संच वाकला आणि सगळं सरळ करायला दोन वर्षं गेली. २००२ मध्ये ७५ किलो सोडियम गळलं. ठरलेली पूर्ण ताकद, ४० मेगावॉट उष्णता, तिने गाठली ती मार्च २०२२ मध्ये.

तिच्याच शेजारी ५०० मेगावॉटची मोठी भट्टी, पीएफबीआर. काम २००४ मध्ये सुरू झालं आणि त्याच वर्षी २६ डिसेंबरला त्सुनामीचं पाणी पायाच्या खड्ड्यात शिरलं. ती २०१० पर्यंत पूर्ण होणार होती. प्रत्यक्षात गाभा भरायला सुरुवात झाली ४ मार्च २०२४ रोजी. तिचं इंधन, म्हणजे युरेनियम आणि प्लुटोनियमच्या ऑक्साइडचं मिश्रण, आपल्या पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला तयार होतं. हा उशीर बघून कोणी नाकं मुरडतं, कोणी टाळ्या वाजवतं. मला दोन्ही घाईचं वाटतं. चौदा वर्षांचा उशीर हा उशीरच आहे आणि पैसाही लोकांचाच आहे. पण काल्कारचा पाळणा आणि मोंजूची चित्रफीत शेजारी ठेवून बघितलं, तर इथे विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. नळ्या कशा आहेत, गळती किती लवकर कळते, आणि कळल्यावर ती आपल्याला कधी सांगतात.

वर्गासाठी एवढंच सुचवते. सोडियमचा प्रयोग प्राथमिक शाळेत अजिबात करू नये, व्हिडिओ पुरेसा आहे. गोट्यांचा प्रयोग मात्र जरूर करा, मैदानावर दहा मिनिटं लागतात. विरजणाचा प्रयोग मुलांना घरी करू द्या आणि दुसऱ्या दिवशी विचारा, दूध नसतं तर? पाचवीपुढच्या मुलांना नळीचं चित्र काढायला सांगा, आत पाणी, बाहेर सोडियम. त्यांनीच सांगावं, भोक पडलं तर कोण कुणाकडे जाईल आणि का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं, की अशा भट्ट्यांत सोडियममध्ये हायड्रोजनचा अंश शोधणारी उपकरणं बसवतात. अगदी बारीक भोकातून पाणी शिरलं तरी हायड्रोजन तयार होतो आणि इशारा मिळतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर कल्पक्कमच्या आराखड्यात आहे. मोठ्या भट्टीत वाफ तयार करणारी आठ यंत्रं आहेत. त्यांच्यातली प्रत्येक नळी सुमारे २३ मीटर लांब, म्हणजे सात मजली इमारतीएवढी, आणि तेवढ्या लांबीत मध्ये कुठेही जोड दिलेला नाही. गळती बहुतेक वेळा जोडालाच होते.